स्प्रिंगची कंपनी बघताना

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी संपली. डब्यात फक्त शंकरपाळे उरलेत, तेच चहाबरोबर. तळेगावची आमची कंपनी बंद झाल्यानंतरची ही पहिली दिवाळी. बोनस नाही, मिठाईचा बॉक्स नाही. सु. म्हणाली, "बरं वाटतंय, दिवाळीत नवरा घरात आहे." मला काही तसं बरं वाटलं नाही.

दुपारी इथंच लोणावळ्यात, तुंगार्लीला दामले काकांच्या बंगल्यावर. आमच्या सी.ए.नं नंबर दिला होता. काका पंचाहत्तरीच्या पुढचे. नवलाख उंबऱ्याच्या रस्त्याला त्यांची स्प्रिंगची छोटी कंपनी आहे. दुचाकीच्या स्टँडच्या, क्लचच्या, ब्रेकच्या स्प्रिंगा. चालू आहे, गिऱ्हाईक आहे, आणि विकायचीय. मी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या कंपन्या तपासत हिंडलो. सप्लायरकडे जायचं, चुका काढायच्या, मार्क द्यायचे, जेवून परत. आपली म्हणून एक असावी, एवढंच आता डोक्यात आहे. भरपाईचे पैसे बँकेत पडून आहेत, ते संपायच्या आत.

काका मोकळे बोलले. बायपास झाल्यापासून कंपनीत जात नाहीत. मुलगी बघते सगळं. अरुंधती. निघताना गेटपर्यंत आले आणि म्हणाले, "एक करा वाळुंज. तिला एवढ्यात काही बोलू नका. मी सांगितलंय, एक जाणकार गृहस्थ येतील, कामाची पद्धत बघतील, सुधारणा सुचवतील. तुमचं कामच ते होतं ना? म्हणजे तसं खोटं काहीच नाही."

मी हो म्हणालो. गाडीत बसेपर्यंत विसरलोही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सु.ला सगळं सांगितलं. ती शाळेतून आलेली, वह्यांचा गठ्ठा अजून हातात. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायला जातोयस. आणि मुलीला सांगितलंय, चहा घेऊन ये, कुणी खास नाहीत."

मी समजावलं. धंद्यात असंच करतात. विकायचं कळलं की कामगार दुसरीकडे बघायला लागतात, गिऱ्हाईक बिचकतं, उधारीवाले दारात येतात. सगळं ठरल्यावर सांगायचं.

"ती कामगार आहे का गिऱ्हाईक?"

वह्या तपासायला बसली ती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली भेट. शेड वाटली होती त्यापेक्षा मोठी. तेलाचा वास, तापल्या लोखंडाचा वास. आत पाय टाकला आणि एकदम घरी आल्यासारखं झालं, खोटं कशाला लिहू.

अरुंधती चाळिशीची असेल. निळा एप्रन, पायात सेफ्टी शूज, केस करकचून बांधलेले. कामगार "ताई" म्हणतात. सगळ्यात आधी मला आवाजासाठी कानात घालायचे बोळे दिले. "चुका काढा. बाबांनी तुमचे पैसे दिलेत, मी वसूल करून घेणार."

इतक्या वर्षांत शेकडो सप्लायर बघितले. प्रत्येक जण चांगला माल आधी दाखवतो. हिनं नापास मालाची पेटी आधी उघडली. एकेक स्प्रिंग उचलून सांगत होती, ही का गेली, ती का गेली. एक माझ्या हातात दिली. "ही सांगा." मी फिरवून बघितली, म्हटलं, शेवटचा वेढा नीट घासला गेला नाही, उभी राहत नसेल सरळ. हसली. "पास."

मशिनं: वेढे घालणारी दोन जुनी, पण नीट राखलेली. एक नवं, कॉम्प्युटरवरचं, तिनं हट्टानं घेतलेलं. भट्टी चुकीच्या जागी आहे, माल शेडमधून उगाच दोनदा आडवा जातो. तिला सांगितलं. तिनं तिथल्या तिथं खडूनं जमिनीवर आखून बघितलं.

परत येताना गाडीत गुणगुणत होतो. कळलं तेव्हा बंद केलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

दुसरी भेट. ती माझ्याशी बोलत असताना मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बराचसा माल एकाच कंपनीला जातो, तिथला खरेदीवाला. तिकडं लाइन थांबलेली, माणूस ओरडत होता, मला लांबून ऐकू येत होतं. ही शांत. "स्टँड खाली जातो पण परत वर येत नाही म्हणता? मग आमच्या स्प्रिंगला हात लावू नका, तुमची पिन बघा. नवीन लॉट आलाय ना पिनचा?" थोड्या वेळानं परत फोन. पिनच होती. माणूस माफी मागत होता. ती म्हणाली, "माफी राहू दे, पेमेंट सोडा."

काय छान काम करते. हे मनात आलं, आणि लगेच दुसरं मनात आलं ते घरी येऊन मुद्द्यांत लिहिलं: गिऱ्हाईक कंपनीवर नाही, मुलीवर टिकून आहे. जोखीम. किंमत करताना धरणे.

चांगलं दिसलं की किंमत कमी कुठं करता येईल ते बघायचं, ही सवय कधी लागली कोण जाणे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी. शेड बंद. म्हणून आजच गेलो. पत्रे, खांब, पाया, गटार बघायचं होतं, एक माहितीतला कॉन्ट्रॅक्टर बरोबर घेतला. किल्ली काकांनी दिली होती. आम्ही शिडी लावून पत्र्यावर चढलेलो आणि खाली तिची स्कूटर. भट्टी हलवायच्या आधी मापं घ्यायला आली होती. सुट्टीच्या दिवशी. एकटी.

वर बघत राहिली.

मी म्हटलं, "काका म्हणाले, पत्रा गळतो."

"गळतो ना. ग्राइंडरच्या वर. उतरताना जपून, डावीकडचा पत्रा सडलाय."

बास, एवढंच. आत गेली. आम्ही उतरलो तेव्हा टेप धरायला माझीच मदत घेतली तिनं. कॉन्ट्रॅक्टर जमीन पावलांनी मोजत फिरत होता, मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. तिचं लक्ष नव्हतं. नव्हतं असं मला वाटलं.

८ डिसेंबर, रविवार

गावी, वडिवळ्याला जाऊन इंद्रायणी तांदळाचं पोतं आणलं. दादानं यंदा भात चांगलं काढलंय. त्याला कंपनीचं बोललो नाही, झालं की सांगू. परत येताना लोणावळ्यात शिरायला तासभर, चिक्कीच्या दुकानांपुढं सगळी मुंबई उभी.

सु. पोतं बघून खूश. मग म्हणाली, "सांगितलंस तिला?" नाही म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार

भट्टी हलवली! माझ्या म्हणण्याप्रमाणे, तिच्या मापानं. शेडमध्ये मोकळी जागा दिसतेय. माल आता सरळ रेषेत जातो. बबन म्हणून नवलाख उंबऱ्याचा जुना ऑपरेटर आहे, तो म्हणाला, "लय बेस झालं सायेब, पायाचं तुकडं पडत हुते आमच्या." मला पुन्हा ते घरी आल्यासारखं.

तिनं ऑफिसात चहा मागवला. टेबलावर पुढच्या वर्षाचा कागद होता, काय काय करायचंय त्याचा. अजून एक कॉम्प्युटरचं मशीन. बायकांची एक पाळी. कातकरी वस्तीवरच्या दोघी शिकायला येतायत, हात चांगलाय म्हणाली. मी ऐकत होतो. मान हलवत होतो.

मग एकदम विचारलं, "वाळुंज सर, तुमच्या मनात काय आहे या कंपनीबद्दल?"

"चांगली आहे. चांगली चालवलीत."

"एवढंच?"

"एवढंच."

ती माझ्याकडं बघत राहिली. चहा संपवला. म्हणाली, "बरं."

सांगायला हवं होतं. पण काकांना शब्द दिलाय. आणि आकडा अजून ठरायचाय.

२३ डिसेंबर, सोमवार

काकांकडं बसून आकडा झाला. लिहीत नाही इथं. माझ्या अपेक्षेपेक्षा कमीला तयार झाले. कारण मी मुद्दा मांडला: गिऱ्हाईक, मशिनांची सेटिंग, वायर कुणाकडून घ्यायची, सगळं एका माणसाच्या डोक्यात आहे. तो माणूस उठून गेला तर मी पत्रे आणि लोखंड विकत घेतल्यासारखं होईल. मांडणी चांगली झाली. तिनं स्वतः दाखवलेलं सगळं कामाला आलं.

म्हटलं, "अरुंधती दोन वर्षं राहिल्या पाहिजेत. लेखी. तरच घेतो."

काका चिडले. "म्हणजे मी कंपनी विकू का मुलगी?"

मी कागद घडी करून ठेवला. काकू गेल्यापासून त्या बंगल्यात घड्याळाचासुद्धा आवाज येत नाही. थोड्या वेळानं तेच बोलायला लागले. ऑपरेशन झालं तेव्हा ती नाशिकहून आली, पंधरा दिवसांसाठी. बॅग छोटी होती, म्हणाले. जावई न्यायला आला तेव्हा कंपनीत काहीतरी अडलेलं. दुसऱ्यांदा आला तेव्हाही अडलेलं. तिसऱ्यांदा आला नाही, कागद आले.

"ही शेड माझ्या मुलीचा संसार खाऊन बसलीय वाळुंज. मी असेपर्यंत विकली तर तिची सुटका. मी गेल्यावर ती तिथंच म्हातारी होईल, तेलात हात घालून. तिला विचारलं तर ती नाहीच म्हणणार. म्हणून विचारत नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "पण सांगावं तर लागेल."

"संक्रांत होऊ द्या. गोड बोलून सांगतो."

मीही हो म्हटलं. परत एकदा.

९ जानेवारी, गुरुवार

आज बँकेच्या कामाला तळेगावला गेलो होतो, तिथं स्टेशनच्या भाजी बाजारात बबन भेटला. सुट्टीचा दिवस, बायको बरोबर, हातात मेथीच्या जुड्या. रामराम झाला. मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं:

"सायेब, मंग कंपनी कवा ताब्यात घेनार?"

मी म्हटलं, "कसली कंपनी?"

"आता ऱ्हाऊ द्या की. तुमी पत्र्यावर चढलता तवाच समद्यांस्नी कळलं. सुधारना करनारा मानूस पाया कशाला उकरून बगंल?" त्याची बायको त्याला कोपरानं ढोसत होती. "आमचं काय न्हाई हो. काम ऱ्हायलं म्हंजी झालं. पन ताईचं काय ठरवलंय तुमी?"

"ताईंना माहितीय?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला की मीच वेडा. "समद्यांच्या आदी तिलाच कळलं असंल ना सायेब. तिची कंपनी हाय."

भाजी न घेताच घरी आलो. सु.नं पिशवी बघितली, तोंड बघितलं, आणि आमटीसाठी डाळ काढली.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळीच गेलो. काकांना न विचारता. ती ग्राइंडरपाशी होती. म्हटलं, जरा बोलायचंय, बाहेर. बाहेर म्हणजे मागं भंगाराचे ढीग आहेत तिथं उभे राहिलो.

मी सुरुवात केली, "मी सल्लागार नाही." एवढंच बोललो.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"सुट्टीच्या दिवशी पत्रे बघायला कोण येतं? संध्याकाळी बाबांना विचारणार होते. मग वाटलं, नको. बघू कोण आधी सांगतंय. ते की तुम्ही."

मी विचारलं, मग भट्टी का हलवली? पुढच्या वर्षाचं का दाखवलं मला सगळं?

"तुम्हाला स्प्रिंग कळते म्हणून. विकायचीच असेल बाबांना, तर निदान कळणाऱ्यानं घ्यावी. गोडाऊनवाले रोज फोन करतात त्यांना, जागेसाठी. मला वाटलं, हा माणूस नीट बघतोय. उद्या सांगेल, परवा सांगेल." आवाज चढवला नाही तिनं. "मी विचारलंसुद्धा तुम्हाला. चहाच्या वेळी. याच्यापेक्षा सरळ कसं विचारायचं होतं?"

मी काकांना दिलेल्या शब्दाचं बोलायला लागलो. तिनं हात वर केला.

"बाबांचं मी बघते. माझं एक सांगा. मशिनांची यादी केली असेल तुम्ही, प्रत्येकाची अवस्था, किंमत. त्यात मी कितवी होते?"

आतून कुणीतरी ताई म्हणून हाक मारली. ती गेली. जाताना म्हणाली, "कानातले बोळे टेबलावर ठेवून जा. मोजकेच आहेत."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ. कुणाकडं गेलो नाही.

सु.ला मी म्हटलं, तुझं ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, "माझं कशाला? तुलाही कळतच होतं." हेच जास्त लागलं.

आठवून बघतोय, नक्की कधी सांगायला हवं होतं. पत्र्यावरून उतरलो तेव्हा. टेप धरला तेव्हा. चहाच्या वेळी. प्रत्येक वेळी जागा होती. प्रत्येक वेळी वाटलं, अजून थोडं बघून घेऊ. आता बघून झालंय सगळं.

२१ जानेवारी, मंगळवार

काकांनी बोलावून घेतलं. लालबुंद झाले होते. तिनं त्यांना एका वाक्यात सांगितलं म्हणे, महिनाअखेरीपर्यंत येईन, मग नाही. भांडण नाही, रडणं नाही. चाकणला नोकरी बघितलीसुद्धा.

"तुम्ही घाई केलीत. मी सांगणार होतो."

"काका, त्यांना नोव्हेंबरपासून माहीत होतं."

हे त्यांना माहीत नव्हतं. खाली बसले. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "रोज संध्याकाळी माझ्यासाठी भाकरी टाकायची. रोज. एक शब्द नाही बोलली."

मी म्हटलं, आता या व्यवहारात मी नाही. त्या नसतील तर नाही. काका म्हणाले, "मग गोडाऊनवाल्याला हो म्हणतो. मला आता ही शेड डोळ्यांपुढं नकोय." मी म्हटलं, तुमची मर्जी. ते मी म्हणायला नको होतं. माझी मर्जी नव्हती ती, हे तरी सांगायला हवं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

बबनचा फोन. काल ताईचा शेवटचा दिवस. कुणी हार आणला तर म्हणाली, मशिनला घाला. सगळ्यांशी हसून बोलली, त्या शिकणाऱ्या दोघींना दुसरीकडं चिकटवून दिलं, आणि स्कूटरला किक मारून गेली. "मागं वळून न्हाई बगितलं सायेब. तुमी लय उशीर क्येला."

माझ्यावर चिडला नव्हता तो. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

मोठ्या गिऱ्हाइकानं चालू महिन्याची ऑर्डर निम्मी केलीय. तेही बबननंच सांगितलं. तिच्याशिवाय बोलायचं कुणाशी, असं म्हणतोय खरेदीवाला. माझं मूल्यमापन अचूक निघालं. शाबास.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काका थकलेत. दार उघडायलाच वेळ लागला. ती तळेगावला भाड्यानं राहते, रविवारी येऊन औषधं भरून ठेवते, फ्रीजमध्ये डबे ठेवते, जाते. बोलते, पण जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच.

"भांडली असती तर बरं झालं असतं," म्हणाले. "माझ्याशी भांडायचं होतं तिनं, मी ऐकलं असतं."

ऐकलं असतं का, माहीत नाही. पण मान हलवली.

गोडाऊनची पार्टी मुंबईची आहे. शेड पाडून मोठं गोदाम. मशिनं भंगारवाल्याला वजनावर. विसार २४ तारखेला द्यायला येणार. काकांनी माझा हात धरला. "वाळुंज, तुम्ही एकदा तिच्याशी बोला. माझं ऐकत नाही. मी चुकलो असं सांगा."

"ते तुम्हीच सांगायला हवं, काका."

"मला जमत नाही."

मला तरी कुठं जमलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिला फोन केला. येते म्हणाली, हेच आश्चर्य. तळेगावात तळ्याच्या काठी भेटलो, सकाळी. लोक फिरायला आलेले. चालत चालतच बोललो, समोर बसून बोलायची माझी हिंमत नव्हती.

घरून ठरवून गेलो होतो, सु.शी बोलून, काकांनाही विचारून. सगळं सांगितलं. काकांनी मला सांगितलेला आकडा, मी तो कसा खाली आणला, कशाच्या जोरावर. काही ठेवलं नाही. मग विचारलं: दोघांनी मिळून घ्यायची का? पैसे माझे, हिस्सा बरोबरीचा, तिची मेहनत तिच्या नावावर. चालवायची तिनं. मी गुणवत्ता बघेन, नापास मालाच्या पेटीपाशी बसेन. काका आहेत तयार, पार्टीला नाही म्हणायला. फक्त तू हो म्हण. तू असं तोंडून गेलं. तिनं दुरुस्त केलं नाही.

बराच वेळ चालत राहिली.

"डिसेंबरमध्ये विचारलं असतंत ना, चहा संपायच्या आत हो म्हटलं असतं."

समोरून पळणारी पोरं आली, आम्ही बाजूला झालो.

मग म्हणाली, "बाबांना वाटतं कंपनीपायी माझं लग्न मोडलं. उलटंय. कंपनी होती म्हणून मला यायला जागा होती. पंधरा दिवसांसाठी आले म्हणतात ते. मी नव्हते आले पंधरा दिवसांसाठी. नाशिकला रोज काय चाललं होतं ते आई-बाबांना सांगायची लाज वाटली. कंपनीत अडलंय, ताप आलाय, काहीतरी कारण सांगून राहत गेले."

"काकांना हे माहितीय?"

"नाही. मीही नाहीच सांगितलं की." जरा हसली. "आमच्या घरात न सांगण्याची पद्धतच आहे. तुम्ही आमच्यात चांगले बसला असतात."

चाकणची नोकरी कशी आहे विचारलं. बरी आहे म्हणाली. एसी आहे. हात स्वच्छ राहतात. सहाला सुटते, काय करायचं कळत नाही.

जाताना: "मला विचार करू द्या. खरंच करणार आहे. पण मधे फोन करू नका. बाबांनाही सांगा, करू नका. सगळ्यांनी माझ्यासाठी ठरवून झालंय, आता मला ठरवू दे."

मी म्हटलं, २४ तारखेला पार्टी येणार.

"माहितीय. भंगारवाल्यानं मलाच फोन केला होता, कॉम्प्युटरच्या मशिनला किती वजन भरेल म्हणून."

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन नाही.

शेडवरून गेलो. सुट्टी, कुलूप. थांबलो नाही.

सारखं डोक्यात येतं की काकांना ते नाशिकचं सांगून टाकावं. ते ऐकून त्यांचा सगळा हिशोबच बदलेल, विकायचं कारणच उरणार नाही. दोनदा गाडीची किल्ली घेतली. पण ते सांगणं माझं नाही. माझं होतं ते मी सांगितलं नाही, आणि दुसऱ्याचं सांगायला धावतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिचा फोन नाही. काकांचा आला. ती आज औषधं भरायला आली होती. नेहमीसारखी. जाताना दारात थांबली, काहीतरी बोलेल असं वाटलं काकांना. तेही बोलणार होते म्हणे. तेवढ्यात शेजारच्या बंगल्यात ट्रिपवाल्यांनी मोठ्यानं गाणी लावली, दोघंही तिकडं बघायला लागले. मग ती गेली.

"उद्या सकाळी येतायत ते," काका म्हणाले. "मी काय करू?"

म्हटलं, उद्यापर्यंत थांबा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून फोन हातात. तिचा नंबर काढतो, ठेवतो. सु. शाळेला निघाली होती, दारातून परत आली. "तिनं तुझ्याकडं एकच गोष्ट मागितलीय, फोन करू नकोस. ती तरी दे तिला."

"आणि ती विसरली असली तर? कामात असली तर?"

"ती विसरणारी आहे?"

नाही.

नोव्हेंबरात गप्प बसलो ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून सोपं गेलं. आज जड जातंय. म्हणजे कदाचित आजचं बरोबर असेल. किंवा आजही चुकतोय, आणि ती तिकडं चाकणला फोन समोर ठेवून बघतेय, हा माणूस एकदा तरी शब्द मोडून काही सांगतो का. आता काही कळेनासं झालंय.

काकांचा फोन. पार्टी एक्सप्रेस-वेवरून उतरली, पोचतीलच. त्यांनी विचारलं, "तिचं काही?" मी नाही म्हटलं. काका म्हणाले, "मी त्यांना चहा देतो, बसवून ठेवतो. तुम्ही तरी या."

निघतोय. तिला फोन न करता.